वाचकांचे प्रश्न : गावाला एकदा ग्रेड लागला की पुढे काय होतं?

मागच्या अंकात आपण छोट्या गावांच्या वर्गवारीवर लेख छापला होता, म्हणजे प्लॅनिंगवाले गावांना 'मोठं केंद्र', 'सेवा केंद्र', 'छोटं गाव', 'वस्ती' अशा पायऱ्यांवर बसवतात आणि मग कुणाला काय द्यायचं ते त्या पायरीवरून ठरतं, त्याबद्दल. प्रश्न भरपूर आले, त्यातले काही चिडून लिहिलेले. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : गावांना पायऱ्यांवर बसवायची गरजच काय? सगळ्यांना सारखं द्या की. (पदवीचा एक विद्यार्थी)

सगळ्यांना सारखं देता येत नाही हीच तर अडचण आहे. हायस्कूल चालायला मुलं लागतात, दवाखाना चालायला पेशंट लागतात, आणि दोनशे माणसांच्या वस्तीत हे दोन्ही उभं केलं तरी डॉक्टर टिकत नाही. मग कुठेतरी ठरवावं लागतं की हे इथे, ते तिथे, आणि बाकीच्यांनी जाऊन-येऊन करायचं. याची थिअरी मांडली वाल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने, १९३३ मध्ये, दक्षिण जर्मनीतल्या गावा-शहरांचा अभ्यास करून. मोठ्या केंद्राभोवती मध्यम, मध्यमाभोवती छोटी, अशी षटकोनांची जाळी. (हाच माणूस पुढे नाझींच्या ताब्यातल्या पोलंडच्या वसाहत-नियोजनावर काम करत होता, हे शिकवताना बऱ्याचदा गाळलं जातं.)

कागदावर हे इतकं देखणं दिसतं की मोह होतोच. डच लोकांनी तर समुद्र हटवून कोरी जमीनच तयार केली, नूर्डओस्टपोल्डर, आणि त्यावर मधोमध एमेलोर्ड हे केंद्र आणि भोवती दहा गावं अशी रचना केली. गावांमधलं अंतर ठरवलं सायकलच्या हिशोबाने. गावं बांधून पूर्ण होईपर्यंत लोकांकडे मोपेड आल्या, मग कार आल्या, लोक जवळचं दुकान सोडून थेट एमेलोर्डला जायला लागले आणि बरीच गावं ठरवली होती तेवढी वाढलीच नाहीत. शेजारच्या पुढच्या पोल्डरमध्येही, म्हणजे पाणी हटवून केलेल्या जमिनीवर, आधी दहाएक गावांचा विचार होता, तिथे प्रत्यक्षात ड्रॉन्टेन, स्विफ्टरबांट आणि बिडिंगहाउझन एवढीच बांधली. डचांनी निदान अर्ध्यात आकडा बदलला, हे मला त्यांचं कौतुकास्पद वाटतं, कारण बहुतेक ठिकाणी प्लॅन छापला की तो पुढची वीस वर्षं तसाच राहतो आणि लोक मात्र कधीच दुसऱ्या गाडीत बसलेले असतात.

प्रश्न : लेखात 'ड वर्ग गाव' असा ओझरता उल्लेख होता. हा नक्की काय प्रकार? खरंच सरकारने गावं मरू दिली का? (दोन-तीन वाचक)

हो, आणि तेही लेखी. इंग्लंडच्या ईशान्येला डरहॅम काउंटी आहे, कोळशाच्या खाणींचा पट्टा. पश्चिमेकडच्या खाणी संपत आल्या होत्या, गावं तर खाणीसाठीच वसलेली, मग खाण गेली की गावाचं काय? काउंटीने १९५१ च्या विकास आराखड्यात गावांना अ, ब, क, ड असे चार वर्ग लावले. अ म्हणजे इथे गुंतवणूक करायची आणि गाव वाढू द्यायचं, ब म्हणजे आहे तेवढी लोकसंख्या सांभाळेल इतपत खर्च, क म्हणजे लोकसंख्या घटणार असं धरून कमी खर्च. आणि ड म्हणजे इथली बरीच लोकसंख्या जाणार, तेव्हा मोठा भांडवली खर्च करायचा नाही, आहेत ती घरं राहण्यालायक असेपर्यंत राहा, ती पडायला आली की नवी घरं दुसरीकडे बांधू. सुरुवातीलाच शंभरावर गावं ड मध्ये गेली, पुढच्या फेरतपासणीनंतर आकडा १२१ वर पोचला. लोकांनी पीटरली आणि न्यूटन एक्लिफ या नव्या शहरांकडे जावं अशी अपेक्षा.

आता काउंटीच्या बाजूनेही बघू, कारण ते काही राक्षस नव्हते. युद्धानंतरचा काळ, सिमेंटपासून पैशापर्यंत सगळ्याची टंचाई, खाणगावातल्या चाळी खरंच वाईट अवस्थेत, आणि पैसा शंभर ठिकाणी थोडा थोडा वाटला तर कुठेच काही उभं राहणार नाही हा त्यांचा मुद्दा चूक म्हणता येत नाही. पण एक गोष्ट त्यांच्या हिशोबात नव्हती. आराखडा म्हणाला की इथली लोकसंख्या घटेल, आणि तो आराखडा सगळ्यांनी वाचला. घर घ्यायला निघालेल्या तरुण जोडप्याने वाचला, कर्ज देणाऱ्याने वाचला, दुकानाला नवा पत्रा टाकायचा का याचा विचार करणाऱ्याने वाचला. मग जोडपं दुसरीकडे गेलं, कर्ज मिळेना, दुकान आहे तसंच जुनं होत राहिलं, आणि दहा वर्षांनी कुणी फाइल उघडली तर आकडे सांगतात, बघा, घटली की नाही लोकसंख्या!

मजा म्हणजे यातली बरीच गावं मेली नाहीत. खाण बंद पडली तरी माणसं राहिली, बसने दुसरीकडे कामाला जायला लागली. विटन पार्क नावाच्या गावात घरांच्या रांगाच्या रांगा पाडल्या गेल्या, तरी तिथले लोक हटले नाहीत, वर्षानुवर्षं भांडले, आणि आज ते गाव आहे, नव्या घरांसकट. १९७७ मध्ये काउंटीने हा ड वर्ग गुंडाळला. नकाशावरून पूर्ण पुसली गेलेली गावं अगदी मोजकी. पण म्हणून काही झालं नाही असं समजू नका, पंचवीस वर्षं ज्या गावात नवं काही बांधलंच नाही तिथली एक अख्खी पिढी निघून गेलेली असते आणि ती वर्ग काढून टाकल्यावर परत येत नाही.

प्रश्न : मी आणि माझे मिस्टर इंग्लंडमध्ये एका छोट्या खेड्यात राहतो. घरामागे जागा आहे, सासूबाईंसाठी छोटं घर बांधायचं होतं. परवानगी नाकारली, कारण आमचं गाव म्हणे 'ओपन कंट्रीसाइड' मध्ये येतं. चाळीस घरं आहेत हो, चर्च आहे, हे गाव नाही तर काय आहे? (एक वाचक)

ताई, तुमच्या डोळ्यांना गाव दिसतंय पण प्लॅनच्या भाषेत नाहीये. तिकडच्या बहुतेक कौन्सिलांच्या लोकल प्लॅनमध्ये यादी असते, वर मोठं शहर, मग सेवा केंद्रं, मग मोठी खेडी, छोटी खेडी. यादीतल्या गावांभोवती बऱ्याचदा नकाशावर एक रेघ मारलेली असते, त्या रेघेच्या आत बांधकामाला साधारण अनुकूल आणि बाहेर साधारण नाही. जे गाव यादीतच नाही त्याला रेघही नाही, म्हणजे अख्खं गाव रेघेबाहेर, म्हणजे मोकळं रान. चाळीस घरं असोत की चार.

यादीत कोण येतं हे बऱ्याच ठिकाणी मार्कांवर ठरतं. शाळा असेल तर इतके, दुकानाला इतके, पोस्ट, डॉक्टर, गावाचा हॉल, कामाच्या दिवशी बस किती वेळा येते. विचार असा की जिथे सोयी आहेत तिथेच घरं वाढवा, म्हणजे लोकांना दूध आणायलाही गाडी काढावी लागू नये. ऐकायला एकदम पटतं. पण गावातलं एकुलतं दुकान बंद पडलं की मार्क जातात, मार्क गेले की नवी घरं नाहीत, घरं नाहीत म्हणून तरुण कुटुंबं नाहीत, मग शाळेचा पट घसरतो, शाळा जाते, पुन्हा मार्क जातात. मॅथ्यू टेलर या खासदाराने २००८ मध्ये सरकारसाठी ग्रामीण घरांचा आढावा घेतला होता, त्यात याला त्यांनी टिकाऊपणाचा सापळा म्हटलंय, म्हणजे गाव आत्ता टिकाऊ नाही म्हणून ते टिकाऊ होईल असं काही करूच द्यायचं नाही. आणि दुसऱ्या बाजूला तिथलं आहे ते घर दुर्मिळ होतं, किंमत चढते, आणि गावात वाढलेल्या पोराला गावात घर परवडत नाही. मतं वेगळी असू शकतात, पण माझं मत विचाराल तर मार्कांची पद्धत आळशी आहे, ती आज काय आहे ते मोजते आणि त्यावरून उद्या काय असावं ते ठरवते.

तुमच्या उपयोगाचं सांगते. एक, २०१२ पासूनच्या राष्ट्रीय धोरणात असं वाक्य आहे की छोट्या गावांचा समूह असेल तर एका गावातलं बांधकाम शेजारच्या गावातल्या सोयींना आधार देऊ शकतं. तुमच्या गावात शाळा नसेल पण पुढच्या गावात असेल, आणि मधला रस्ता चालण्यासारखा असेल, तर अर्जात हे ठासून लिहा, नुसतं 'आमचं गाव छान आहे' लिहून काही होत नाही. दोन, स्थानिक लोकांसाठी कायम परवडणारीच राहतील अशी घरं असतील तर रेघेबाहेरही अपवाद म्हणून परवानगी मिळू शकते, पण तो मार्ग सासूबाईंच्या घरासाठी नाही, गावासाठी आहे. तीन, २०११ च्या लोकॅलिझम कायद्याने पॅरिश कौन्सिलला, म्हणजे तिकडच्या ग्रामपंचायतीसारख्या परिषदेला, स्वतःचा नेबरहूड प्लॅन करता येतो, त्यावर गावात सार्वमत होतं, साध्या बहुमताने पास झाला की तो कायदेशीर प्लॅनचा भाग बनतो. वेळखाऊ आहे, कटकटीचा आहे, पण जिथे गावकऱ्यांनी नेट लावला तिथे छोटी गावं रेघेच्या आत आलेली आहेत.

आणि एक गंमत सांगायची राहिली. त्याच मोकळ्या रानात जुना गोठा किंवा धान्याचं कोठार असेल तर त्याचं घर करायला पूर्ण परवानगी लागत नाही, नुसती पूर्वमान्यता पुरते, आणि २०२४ पासून तर एका शेतीच्या पसाऱ्यात दहा घरांपर्यंत. अटी आहेत बऱ्याच. पण म्हणजे गाईला राहायला जागा होती तिथे माणूस राहू शकतो, आणि माणसांच्या घरामागे मात्र सासू राहू शकत नाही.

प्रश्न : आमची वस्ती मुख्य गावापासून दोन किलोमीटरवर. गावाला डांबरी रस्ता झाला, कागदावर 'गाव जोडलं' झालं. आम्ही अजून पावसाळ्यात चिखलातून. विचारलं की सांगतात तुमचं गाव जोडलेलं आहे. (एक शेतकरी वाचक)

हे 'तुमचं गाव जोडलेलं आहे' वाक्य जो म्हणतो त्याला नियम दाखवा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली, तिच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की मोजायचं एकक वस्ती आहे, महसुली गाव किंवा ग्रामपंचायत नाही. मुख्य गावाला रस्ता मिळाला म्हणून वस्तीचा हक्क संपत नाही. मग उरतो लोकसंख्येचा आकडा. सपाट भागात ५०० आणि त्याहून जास्त, डोंगरी राज्यं, वाळवंटी आणि आदिवासी क्षेत्रात २५०. हा आकडा एकट्या वस्तीत भरत नसेल तरी ५०० मीटरच्या आतल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते, डोंगरात तर दीड किलोमीटरपर्यंत. ही एकत्र मोजणी आपोआप होत नाही बरं का, कुणीतरी ती मागावी लागते. शेजारच्या दोन वाड्यांचं आणि तुमचं पटत नसेल तर आधी ते मिटवा, कारण तिघांची बेरीज झाली की तुम्ही यादीत, वेगवेगळे राहिलात की कुणीच नाही.

दुसरं दुखणं आकडा कधीचा याचं. सप्टेंबर २०२४ मध्ये योजनेचा चौथा टप्पा मंजूर झाला, २५ हजार न जोडलेल्या वस्त्यांसाठी, आणि लोकसंख्या धरली २०११ च्या जनगणनेची, कारण २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. म्हणजे तुमच्या वस्तीत त्या वेळी ४८० माणसं होती आणि आता सहाशे असतील तरी कागदावर ४८०.

आता थोडं कडू सांगते, रागावू नका. रस्ता झाला म्हणजे गाव पालटलं असं होतंच असं नाही. सॅम ॲशर आणि पॉल नोवोसाद या अर्थतज्ज्ञांनी याच योजनेचा अभ्यास केला, लोकसंख्येच्या त्या ठरलेल्या आकड्याच्या जरा वरची आणि जरा खालची गावं शेजारी ठेवून, कारण त्या दोघांत तसा फरक काहीच नसतो, एकाला रस्ता मिळाला आणि एकाला नाही एवढाच. अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. लोक शेतमजुरी सोडून दुसऱ्या कामांकडे वळले हे दिसलं, पण शेतीचं उत्पन्न, घरातली मालमत्ता, गावातले धंदे यात मोठा फरक सापडला नाही. म्हणजे रस्त्याने लोकांना बाहेर कामाला जाता आलं, काम काही रस्त्यावरून गावात आलं नाही. रस्ता मागाच, दवाखान्यात वेळेवर पोचणं हीच केवढी मोठी गोष्ट आहे, पण 'रस्ता झाला, आता विकास झाला' असं कुणी भाषणात म्हणालं तर हा अभ्यास लक्षात ठेवा.

प्रश्न : जंगलातलं गाव आणि महसुली गाव यात एवढा फरक का पडतो? (एक शिक्षिका)

कारण वनग्राम कागदावर गाव नसतंच, वनखात्याची जमीन असते, बहुधा खात्यानेच कधीकाळी लाकूडतोडीच्या मजुरांसाठी वसवलेली. महसुली नोंद नाही म्हणून सातबारा नाही, सातबारा नाही म्हणून पीककर्ज अडतं, शाळेची खोली बांधायची तर वनखात्याची परवानगी. २००६ च्या वनहक्क कायद्यात अशा गावांना, जुन्या वस्त्यांना आणि मोजणी न झालेल्या गावांना महसुली गाव करण्याचा हक्क स्पष्ट दिलाय, कलम ३(१)(ज) मध्ये. त्याच कायद्यात शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता अशा १३ सोयींसाठी एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं न तोडता, आणि त्यासाठी ग्रामसभेची शिफारस लागते. रूपांतर रखडलेलं असलं तरी हा दुसरा मार्ग थांबत नाही, आणि तो बऱ्याच ग्रामसभांना कुणी सांगितलेलाच नसतो. तुमच्या शाळेचीच खोली अडली असेल तर इथून सुरुवात करा.

प्रश्न : एवढी भानगड कशाला? फार छोटी गावं सरळ हलवावीत, लोकांना पैसे द्यावेत, सरकारचाही खर्च वाचेल. (एक निवृत्त अधिकारी)

साहेब, हे करून झालंय, वेगवेगळ्या पद्धतीने. रोमानियात हुकूमशहा चाउशेस्कूने १९८८ मध्ये जाहीर केलं की देशातल्या सुमारे १३ हजार खेड्यांपैकी निम्म्याहून जास्त काढून टाकायची आणि लोकांना शेती-औद्योगिक केंद्रांत आणायचं. युरोपभर बोंब झाली, बेल्जियममधून रोमानियातली खेडी दत्तक घेण्याची मोहीम निघाली, आणि १९८९ च्या डिसेंबरमध्ये राजवटच गेली. सोव्हिएत रशियात तर १९६० च्या दशकापासून हजारो खेड्यांवर 'भवितव्य नसलेलं' असा शिक्का होता. तिथे कुणी बुलडोझर आणला नाही, फक्त शाळा, दुकान, नवं बांधकाम सगळं 'भवितव्य असलेल्या' गावात केलं. बऱ्याच लोकांनी ते मोठं गाव ओलांडून थेट शहर गाठलं. डरहॅमचंच मोठं रूप.

तुम्ही म्हणता त्याच्या सगळ्यात जवळचं कॅनडातलं न्यूफाउंडलंड. १९५४ ते १९७५ मध्ये किनाऱ्यावरच्या सुमारे ३०० वस्त्या हलवल्या, ३० हजारांच्या आसपास माणसं. घरांना पिंपं बांधून ती समुद्रावर तरंगत ओढून नवीन गावी नेलेले फोटो आहेत, अख्खं दुमजली घर बोटीमागे. सुरुवातीला सगळ्यांची संमती लागायची, मग १९६५ च्या कार्यक्रमात ती ९० टक्क्यांवर आली, नंतर ८० वर. आता बघा, संमतीचा आकडा खाली आणला की शेजाऱ्यांतच भांडणं लागतात, कारण तुझ्या एका मतामुळे माझे पैसे अडतात. लिटल बे आयलंड्स या बेटावर २०१५ मध्ये मतदान झालं, हवे होते ९० टक्के, पडले ८९.४७. पुढची काही वर्षं त्या इवल्याशा गावात लोक एकमेकांशी कसे बोलले असतील याची कल्पना करा. २०१९ मध्ये एकमताने होकार आला आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला वीज तोडली. एक जोडपं तरीही तिथेच राहिलं, सोलरवर.

मी याला सरसकट चूक म्हणणार नाही. लोकांनी स्वतः मागितलं, पैसे पुरेसे असले, तर जाऊ द्यावं. पण हा निर्णय उघड घेतला पाहिजे. मतदान होतं, भरपाई असते, तारीख असते. वर्गवारीतून तेच काम गुपचूप होतं तेव्हा यातलं काहीच नसतं.

प्रश्न : ग्रेड बदलून घेता येतो का? (बरेच जण)

येतो, पण फेरतपासणी कधी आहे ते आधी शोधा, कारण दोन आराखड्यांच्या मध्ये अर्ज करत बसलात तर फाइल फिरत राहते. हरकती-सूचनांची मुदत छोटी असते, नोटीस कुणाच्या तरी भिंतीवर लागलेली असते. त्या मुदतीत 'अन्याय झालाय' एवढंच लिहू नका, चूक दाखवा. दुकान मोजलेलं नाही, शाळेचा पट तीन वर्षांपूर्वीचा आहे, दोन वस्त्या वेगळ्या धरल्यात पण विहीर आणि स्मशान एकच आहे. असं काही असलं की ते बाजूला सारणं त्यांना अवघड जातं.

ग्रेड बदलत नसेल तर ग्रेडला जोडलेलं बदलायचा प्रयत्न करा. जपानमध्ये अर्ध्याहून जास्त लोक ६५ च्या पुढचे असलेल्या वस्त्यांना 'मर्यादेवरची वस्ती' म्हणायची पद्धत पडली, समाजशास्त्रज्ञ ओनो अकिरा यांनी १९९० च्या सुमारास ती संज्ञा वापरात आणली, मदत मिळावी म्हणूनच, पण म्हातारी माणसं दुखावली. क्योतो प्रांतातल्या आयाबे शहराने २००७ मध्ये अशाच वस्त्यांसाठी 'उगमाचं गाव' नावाचा स्थानिक नियम लागू केला, म्हणजे नदीचं पाणी तुमच्याकडून येतं म्हणून खालच्या शहराने तुमच्यावर खर्च करायचा, आणि नवीन येऊन राहणाऱ्यांना मदत करायची. वस्त्या त्याच, वयं तीच. निकषात फक्त 'किती म्हातारे' याच्या जोडीला शहरापासून किती लांब, किती घरं, हे आलं, आणि यादीत नाव येण्याला निधी जोडला गेला. आपल्याकडे असं काही मागायचं असेल तर ग्रामसभेच्या ठरावात वस्तीचं नाव वेगळं लिहून घ्या, नुसतं मुख्य गावाचं नको, आणि ठरावाची सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी हातात घ्या.